सावळ्या त्वचेलाही मेलानोमा होतो का? तळपायावरचा काळा डाग कधी दाखवावा?

हो, होतो. मेलानोमा म्हणजे त्वचेचा एक घातक कर्करोग. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली दिसतो, म्हणजे जिथे ऊन फारसं लागत नाही तिथे. म्हणूनच तो नजरेतून सुटतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. 1981 मध्ये ते गेले, अवघ्या 36व्या वर्षी.

डाग वाढतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, रंग एकसारखा नाही किंवा जखम भरत नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. नखावरची काळी पट्टी 3 मिमीपेक्षा रुंद होत असेल किंवा काळेपणा नखालगतच्या कातडीवर उतरला असेल, तर अजिबात थांबू नका. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतं. पट्टी मुळापासून तशीच राहते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे कुरूप किंवा चामखीळ समजून डाग कापणं, जाळणं. त्याने निदान लांबतं आणि गाठीची खोली मोजता येत नाही. पुढचे उपचार मुख्यतः त्या खोलीवरच ठरतात. 1 मिमीपेक्षा कमी असेल तर शस्त्रक्रियेने बरं होण्याची शक्यता खूप चांगली असते. म्हणून आधी बायॉप्सी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढणं, तोही त्वचेच्या पूर्ण जाडीचा.