नवरा रात्रभर 'ते' व्हिडिओ बघतो, मी काय करू?

हा प्रश्न हल्ली बऱ्याचदा येतो, कधी बायकोकडून कधी मुलांकडून. घरातलं एक माणूस रात्र रात्र मोबाईलमध्ये डोकं घालून बसतं, जगातले बडे लोक मिळून लहान मुलांचा व्यापार करतात आणि सगळं दाबलं जातंय असं सांगत सुटतं, कोणी काही बोललं की "तुम्ही झोपेत आहात" म्हणतं. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

बाई आल्या त्या रडतच. "मॅडम, हे आता मुलीला मैत्रिणीच्या वाढदिवसालाही पाठवत नाहीत हो." नवऱ्याची वही सोबत आणली होती. चौकटी, बाण, नावं आणि मागच्या पानांवर तारखा. अमुक दिवशी सगळ्यांना अटक होणार. तारीख उलटली की खोडायची, खाली नवी लिहायची. खोडलेल्या नऊ मोजल्या मी.

दोन आठवड्यांनी ते स्वतः आले, बायकोच्या आग्रहाखातर. इथे माझं चुकलं, मी सरळ पुरावेच मांडायला लागले. 2016 मध्ये वॉशिंग्टनच्या एका पिझ्झा रेस्टॉरंटच्या तळघरात मुलं डांबलीत असं ऑनलाइन वाचून एकजण रायफल घेऊन आत शिरला, मुलं सोडा, तिथे तळघरच नव्हतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मग एपस्टीनचं काय? तेही खोटं?" म्हणाले आणि उठून गेले.

प्रश्न रास्त होता. जेफ्री एपस्टीन म्हणजे अल्पवयीन मुलींचं लैंगिक शोषण करणारा अमेरिकेतला एक बडा श्रीमंत माणूस. त्याने फ्लोरिडात 2008 पासून जेमतेम 13 महिने शिक्षा भोगली, तीही दिवसा ऑफिसला जायची मुभा घेऊन. हे माहीत असलेल्या माणसाला "असं काही नसतंच" म्हणणं म्हणजे आपणच खोटं बोलणं.

पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात केली. म्हटलं, हे खरंच घडलंय, मग ते बाहेर कसं आलं ते बघू. पीडित मुली मोठ्या झाल्या, नावानिशी बोलल्या, वकील वर्षानुवर्षं कोर्टात भांडले, 2018 मध्ये मायामीच्या एका महिला पत्रकाराने सगळं पुन्हा खणून काढलं, 2019 मध्ये त्याला परत अटक झाली, 2022 मध्ये त्याची साथीदार गिलेन मॅक्सवेल हिला 20 वर्षांची शिक्षा लागली. मग वही पुढे सरकवली, "यातल्या किती नावांविरुद्ध कोणीतरी समोर येऊन तक्रार केलीय?" बराच वेळ पानं उलटत राहिले. "दोन." आणि ती दोन्ही नावं एपस्टीन प्रकरणातलीच होती.

मग हळूच म्हणाले, "मुलगी आठ वर्षांची झाली मॅडम, मला झोपच लागत नाही." त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा कामाचं बोललो. मुलांचा छळ करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, तर मुलीशी काय बोलायचं, कुणाच्या घरी जाते तिथली माणसं आपल्या ओळखीची कशी करून घ्यायची. 2020 मध्ये एक फर्निचर कंपनी कपाटांच्या नावाखाली मुलं विकते अशी अफवा पसरली आणि अमेरिकेत मानवी तस्करीच्या हेल्पलाइनवर त्याचेच इतके कॉल आले की खऱ्या मदतीत अडथळा आला, ही गोष्ट मात्र त्यांना फार लागली.

बायकोला एवढंच सांगितलं, नातेवाइकांसमोर हसायचं नाही, फोन हिसकावायचा नाही, रात्री वाद नाही. बेडरूममध्ये फोन कोणाचाच नको, तुमचाही.

ते व्हिडिओ अजून बघतात, कमी. गेल्या महिन्यात बाईंचा मेसेज आला, मुलगी वाढदिवसाला गेली, हेच सोडायला गेले आणि पार्टी संपेपर्यंत बाहेर गाडीत बसून होते.