मुलाचं डीडब्ल्यूआय फॉर्मवर लिहायचं का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा अमेरिकन नागरिक, २४ वर्षांचा, कॉम्प्युटर इंजिनिअर. संरक्षण खात्याची कामं करणाऱ्या कंपनीत नोकरी मिळतेय, पण सिक्युरिटी क्लिअरन्स (गुप्त कामासाठी सरकारची परवानगी) लागणार, त्याचा फॉर्म भरायचाय. तीन वर्षांपूर्वी पार्टीहून परतताना पोलिसांनी त्याला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं होतं. दंड भरला, लायसन्स परत मिळालं. ओळखीचे म्हणतात, ते नुसतं ट्रॅफिक तिकीट, लिहू नका. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, लिहायचं. तारखेसकट, पूर्ण लिहायचं.

ओळखीच्यांचं अर्धंच खरं आहे. न्यू जर्सीत डीडब्ल्यूआय, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, फौजदारी गुन्ह्यात मोडत नाही, वाहतूक कायद्याखाली येतं. एसएफ-८६ या क्लिअरन्सच्या फॉर्मवर ३०० डॉलरपेक्षा कमी दंडाच्या तिकिटांना सूटही आहे. पण दारू किंवा ड्रग्जचा संबंध असेल तर ती सूट नाही, हे तिथंच लिहिलंय. बाकीच्या बऱ्याच पोलीस प्रकरणांचं सात वर्षांपर्यंतचं विचारतात. दारूच्या आरोपाला मात्र 'कधीही' हा शब्द आहे. माझ्यासमोर बसलेल्या एका मुलानं त्या 'कधीही'वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "वकील तर म्हणाले होते विषय संपला." कोर्टापुरता संपला होता.

क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या, २०१७ पासून लागू असलेल्या नियमावलीत १३ कसोट्या आहेत, त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं. त्यातली 'जी' दारूची. व्यसनाचं निदान नसलं, तरी एका डीडब्ल्यूआयवरूनही तिथं शंका घेतली जाते. पण बराच काळ गेला, पुन्हा तसं घडलं नाही, पिण्याची सवय बदलली, सांगितलेले उपचार पूर्ण केले, तर ती शंका फिटू शकते. तुमच्या मुलाच्या बाबतीत तीन वर्षं तर गेलीच आहेत. 'ई' ही कसोटी वागणुकीची, आणि जाणूनबुजून माहिती लपवणं तिच्यात येतं. तीन वर्षांपूर्वीची घटना दर वर्षी जुनी होतेय. खोट्या फॉर्मवरची सही आजची असेल. तपास अधिकारी कोर्टाचे कागद बघतात, जुन्या रूममेटशी, शेजाऱ्यांशी बोलतात. शिवाय फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. तो आता पितो का? किती? दारूमुळे कामावर, नात्यांवर परिणाम झाला का, हेही त्या फॉर्ममध्ये वेगळं विचारतात. दर शनिवारी अजून बेसुमार होत असेल, तर नोकरीचा विचार नंतर. आधी डॉक्टरांकडे जाऊ दे. स्वतःहून घेतलेली मदत आणि त्यानंतर टिकलेला बदल त्याच्याच बाजूनं धरला जातो. हे त्याला रागावून विचारू नका. जेवताना, शांतपणे विचारा.

कोर्टाचा निकाल, दंडाची पावती, आयडीआरसीचा (दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीच्या केंद्राचा) कोर्स पूर्ण केल्याचं पत्र एका फाइलमध्ये लावून ठेवा. फॉर्म मात्र त्यालाच भरू द्या, तुम्ही किंवा बाबांनी भरू नका. मुलाखतीत हेच प्रश्न समोरासमोर येतात आणि उत्तरं त्याची स्वतःची असावी लागतात.

एखाद्या वेळी फॉर्म आधीच पाठवून झाला असेल आणि त्यात ही नोंद राहून गेली असेल, तर कुणी विचारायची वाट बघू नका. कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला त्यानं स्वतः लेखी कळवावं. समोरून विचारणा होण्याआधी केलेली दुरुस्ती नियमावलीतही जमेस धरतात. उद्या सकाळीच कळवू दे.