जुनी लेन्स घ्यायची तर काउंटरवर तपासून घ्या

पहिलीच जुनी लेन्स नुसते फोटो बघून मागवू नका. कॅमेऱ्याचं दुकान चालू असेल तर तिथे जा. सोबत स्वतःची कॅमेरा बॉडी (लेन्स नसलेला कॅमेरा), मेमरी कार्ड आणि छोटा टॉर्च न्या.

दोन्ही टोपणं काढा, अ‍ॅपर्चर, म्हणजे पात्यांनी लहान-मोठं होणारं आतलं छिद्र, पूर्ण उघडा आणि मागच्या बाजूने तिरका टॉर्च मारा. थोडी धूळ दिसेलच, तिने फोटो बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. ती काचेचं कोटिंग खाते, साफ केली तरी डाग राहू शकतो. अशी लेन्स सरळ परत ठेवा. पात्यांवर तेलाची चमक असेल तर पाती वेळेत मिटेनाशी होऊ शकतात आणि एफ/११ ला, म्हणजे छिद्र लहान केल्यावर, फोटो नको तितके उजळ येतात. शेवटी भिंतीला चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा समोरून, अगदी सरळ फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच बहुधा सरकलेली असते.

घेण्याआधी अशी तपासणी दुकानात सहज होते, पण दुकानं झपाट्याने बंद होताहेत. फिल्म धुणं आणि प्रिंट यांवर त्यांचा रोजचा गल्ला होता. तो आटला, मग फोनने साधे कॅमेरेही गिळले. म्हणून काउंटरवर तासभर लेन्स हाताळून ऑनलाइन खरेदी करू नका, हे मला मनापासून सांगायचंय. निदान फिल्टर, बॅटरी आणि सेन्सरची सफाई तरी तिथूनच घ्या.