‘डॉक्टर, काय खाणं सोडू?’

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांत हाच प्रश्न आहे.

प्रश्न : मुलगी 21 वर्षांची आहे. दोन-दोन महिने पाळी येत नाही. सोनोग्राफीत पीसीओडी (अंडाशयात छोट्या गाठी दिसण्याचा विकार) निघालं. तेव्हापासून तिनं भात, पोळी, फळं बंद केली आहेत. दुपारी नुसती काकडी खाते. हे बरोबर आहे का? (एक आई, सातारा)

नाही. आज तिला नीट जेवायला वाढा. सोनोग्राफीत ज्यांना ‘गाठी’ म्हणतात, त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या पिशव्या असतात. उपाशी राहून विरघळवावं असं तिथं काही नसतं. पुष्कळ मुलींत मुळाशी इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक, असतं. शरीर त्याला दाद देईनासं होतं, म्हणून ते जास्त तयार होतं. या जादा इन्सुलिनमुळे अंडाशयात पुरुषी संप्रेरकं वाढतात, मग बीज पिकत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात.

वाटीभर भात खाऊ दे, पण त्याबरोबर घट्ट वरण किंवा मोडाची उसळ, कोशिंबीर आणि ताक हवं. म्हणजे रक्तातली साखर सावकाश चढते. ज्वारी-बाजरीची भाकरी उत्तम. कमी करायचं ते बिस्किटं, गोड चहा, बाटलीतली पेयं, फरसाण. वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी मार्गावर येते. 70 किलोच्या मुलीसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. ती मुळात सडपातळ असेल, तर मात्र वजन उतरवायचा विचारच नको. खाणं फार कमी पडलं की मेंदूच पाळी थांबवतो, आणि मग पीसीओडीवर आणखी एक दुखणं चढतं. सलग तीन महिने पाळी आली नाही तर वाट पाहू नका. गर्भाशयाचं अस्तर साठत राहणं चांगलं नाही.

प्रश्न : वय 38. पाळी आठ दिवस चालते, गाठी पडतात. हिमोग्लोबिन 8.4. रोज बीट आणि खजूर खाते, तरी वाढत नाही. (लातूर)

ताई, आधी रक्त जातंय कुठं ते शोधायला हवं. गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे मांसल गाठ, असेल किंवा थायरॉइड बिघडलं असेल, तर खाल्लेलं सगळं दर महिन्याला वाहून जाणार. सोनोग्राफी आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या.

बीट लाल असतं, पण त्यात लोह थोडंच. तुमच्या वयाच्या बाईला दिवसाला 29 मिलीग्रॅम लोह लागतं. अळीव, मटकी, चवळी, हरभरे खा, चालत असेल तर मटण-मासेही. वर लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेतला तर तेच लोह अडतं, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्या. पण 8.4 नुसत्या खाण्यानं भरून येणार नाही. डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या घ्या आणि हिमोग्लोबिन वर आल्यावरही त्या तीन महिने चालू ठेवा, तेव्हा कुठं शरीरातला साठा भरतो. शौचाला काळं होतं, घाबरू नका. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीसोबत नको.

तुम्ही लिहिलंय, ‘सगळ्यांचं झाल्यावर जेवते.’ तोवर उसळीत नुसता रस्सा उरलेला असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. हे वाचून मला राग येतो. स्वयंपाक झाला की तुमच्या वाटणीची उसळ आधी वाटीत काढून ठेवा.

प्रश्न : पाळीत दही, लोणचं, चिंच बंद करावी का?

गरज नाही. आंबट खाण्याचा रक्तस्रावाशी संबंध नाही. आवडत असेल तर खा.

प्रश्न : थायरॉइडची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेते. कोबी-फ्लॉवर सोडू का?

कोबी राहू द्या, चहाची वेळ बदला. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास चहासुद्धा नको. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. शिजवलेला कोबी रोजच्या भाजीइतका खाल्ला तर बिघडत नाही.

प्रश्न : वय 51. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. हाडं दुखतात, दूध आवडत नाही. काय खाऊ? मधूनच थोडा डाग दिसतो, तो उष्णतेचा असेल ना? (रत्नागिरी)

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं आणि हाडं भराभर झिजतात. कॅल्शियम दिवसाला 1200 मिलीग्रॅम हवं. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण साडेतीनशे मिलीग्रॅम असतं. दोन भाकऱ्या, तिळाची चटणी, दही-ताक आणि काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली यांतून बरंच साधेल. ड जीवनसत्त्व तपासा, रोज चाला.

डाग मात्र उष्णतेचा नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेलं थेंबभर रक्तही तपासावंच लागतं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण कधी गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असते, आणि लवकर सापडला तर तो बहुतेकदा बरा होतो. नाचणी पुढच्या आठवड्यात आणली तरी चालेल. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा.