वाचक विचारतात : फायरवॉल न उघडता फाईल कशी पाठवायची?

मागच्या अंकात बॅकअपवर लिहिलं, त्यानंतर नाशिक आणि आसपासहून जे ईमेल आले ते बहुतेक एकाच दुखण्याचे आहेत, फाईल इकडून तिकडे जात नाही आणि मध्ये फायरवॉल आहे, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरचा पहारेकरी, आणि पोर्ट म्हणजे त्या वेशीतली नंबर दिलेली दारं. उत्तरं वाचायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. फाईल कुठून कुठे जाते आणि कनेक्शन कोण कोणाला लावतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फायरवॉलला मुख्यतः दुसरीशी मतलब असतो. हे एकदा कळलं की खालचे अर्धे प्रश्न तुमचे तुम्हालाच सुटतील.

प्रश्न : मॅडम, अंबड एमआयडीसीत आमचं ऑटो पार्ट्सचं युनिट आहे. ड्रॉइंग आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट रोज पुण्याच्या कस्टमरच्या सर्व्हरवर टाकावे लागतात. त्यांच्या आयटीवाल्यांनी सांगितलं म्हणून आमच्या फायरवॉलमध्ये एफटीपीसाठी २० आणि २१ पोर्ट उघडले. लॉगिन होतं पण फोल्डरची लिस्टच येत नाही, नुसतं फिरत राहतं. अजून कुठला पोर्ट उघडू?

उत्तर : एकही नको. जे दोन उघडलेत तेसुद्धा आजच बंद करा. तुमची अडचण पोर्ट कमी पडल्याची नाहीच, ती एफटीपीच्या, म्हणजे फाईल पाठवायच्या जुन्या पद्धतीच्या, घडणीतच आहे. एफटीपीची पहिली मांडणी १९७१ ची आणि आज चालतं ते रूप १९८५ च्या आरएफसी ९५९ या इंटरनेटच्या नियमपत्रातलं, म्हणजे ऑफिसाऑफिसात फायरवॉल यायच्या आधीचं. त्यात कनेक्शन दोन लागतात, पोर्ट २१ वर बोलणं होतं आणि डेटासाठी वेगळं कनेक्शन बनतं, आणि अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये हे दुसरं कनेक्शन सर्व्हर उलटं तुमच्याकडे लावतो, म्हणजे पुण्याचा सर्व्हर तुमच्या पीसीच्या कुठल्यातरी मोठ्या नंबरच्या पोर्टवर यायला बघतो आणि तुमची फायरवॉल त्याला अडवते, आणि तिने अडवायलाच पाहिजे. पॅसिव्ह मोड लावला तर दुसरं कनेक्शनही तुम्हीच लावता, पण मग पुण्याला पोर्टची अख्खी रेंज उघडी ठेवावी लागते. फोल्डरची लिस्टसुद्धा डेटा कनेक्शनवरूनच येते, म्हणून तुमचं लॉगिन होतं आणि गाडी पुढे सरकत नाही. त्यात साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, वाटेत कोणी ऐकत बसलं तर जसाच्या तसा वाचता येतो. कस्टमरची ड्रॉइंग अशा रस्त्याने पाठवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणी एफटीपीएस सुचवेल. त्यात एन्क्रिप्शन आहे, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येत नाही, हे खरं, पण दोन कनेक्शनचा घोळ तसाच राहतो, उलट वाढतो, कारण आतलं बोलणं फायरवॉलला वाचता येत नाही मग दुसरं कनेक्शन कुठल्या पोर्टवर होणार हे तिला कळायला मार्गच नाही.

पुण्याच्या लोकांकडे एसएफटीपी मागा. हे एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या मशीनला एन्क्रिप्टेड रस्त्याने जोडणाऱ्या प्रोग्रामच्या, आत चालतं, लॉगिन, लिस्ट, फाईल सगळं एकाच कनेक्शनवर, पोर्ट २२, आणि ते कनेक्शन अंबडहून बाहेर जाणारं असतं त्यामुळे तुमच्याकडे बाहेरून आत यायला काहीच उघडावं लागत नाही. एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी लिहिलं, त्यांच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं त्यावरचा उपाय म्हणून, म्हणजे तुमच्या एफटीपीला जो रोग आहे त्याचंच हे औषध आहे. आज सगळीकडे दिसतं ते ओपनएसएसएच, १९९९ पासूनचं. विंडोजवर विनएससीपी किंवा फाईलझिला चालेल.

पासवर्डऐवजी की, म्हणजे जोडीने बनणारी डिजिटल किल्ली, वापरा. ईडी२५५१९ प्रकारची जोडी तुमच्याच मशीनवर बनवा आणि त्यातली फक्त पब्लिक की पुण्याला पाठवा, प्रायव्हेट की व्हॉट्सअ‍ॅपवर, मेलवर, पेनड्राइव्हवर कुठेच जाता कामा नये. पुण्याच्या आयटीवाल्यांना तीन गोष्टी सांगा. तुमच्यासाठी वेगळा युजर काढा, त्याला शेल, म्हणजे कमांड चालवायची सोय, न देता इंटर्नल-एसएफटीपीवरच बांधा आणि एका फोल्डरात क्रूट करा, म्हणजे त्याला त्या फोल्डरच्या बाहेर जाता येणार नाही. त्या वरच्या फोल्डरचा मालक रूट, म्हणजे सर्व्हरचा मुख्य युजर, असावा आणि दुसऱ्या कोणाला त्यात लिहायची परवानगी नसावी, नाहीतर लॉगिन होताक्षणी कनेक्शन तुटतं आणि माणूस उगाच फायरवॉलवर संशय घेत बसतो. फाईल टाकायला आत वेगळं सबफोल्डर काढायचं, ते मात्र तुमच्या युजरच्या मालकीचं. तुमच्याकडे स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी असेल तर ती की फक्त त्याच आयपीवरून चालेल अशी अटही ऑथराइज्ड-कीज फाईलमध्ये घालता येते. आणि लॉग, म्हणजे कोण कधी जोडलं याच्या नोंदी, जपून ठेवा, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलंय.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला आमचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. तिथे एक छोटा लिनक्स सर्व्हर आहे, वजनाच्या नोंदी आणि क्रेटचे फोटो त्यावर पडतात. गंगापूर रोडच्या ऑफिसातल्या सर्व्हरने ते रोज रात्री ओढून घ्यावेत अशी इच्छा आहे. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला तरी बाहेरून काहीच पोचत नाही. काय करावं?

उत्तर : राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या, पानावर आयपी बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, तर तुम्ही कॅरियर ग्रेड नॅटच्या मागे आहात. म्हणजे एकच पब्लिक आयपी इंटरनेट कंपनीने बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून आलेलं कनेक्शन तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही, मग राउटरमध्ये कितीही सेटिंग करा, उपयोग शून्य. ही रेंज २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवलीय.

पण ऑफिसनेच ओढायला पाहिजे असं कुठे आहे? पॅकहाऊसने ढकलावं. ऑफिसात पब्लिक आयपी असेल तर पॅकहाऊसच्या सर्व्हरवर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीत, रात्रीचं आरसिंक हा फाईली जुळवून पाठवणारा प्रोग्राम लावा, एसएसएचवरून, कनेक्शन आतून बाहेर जातं आणि काम झालं. ऑफिसच्या फायरवॉलला एक पोर्ट आत घ्यावा लागेल, तिथे पासवर्ड लॉगिन पूर्ण बंद ठेवा. आरसिंक १९९६ पासून आहे आणि त्याची खरी कमाल अशी की फाईलचा बदललेला भागच तो पाठवतो, त्यामुळे सीझनमध्ये नेट मंदावलं तरी नोंदींची मोठी फाईल लवकर जाते. फोटोंना मात्र हा फायदा नाही, फोटो नवेच असतात, ते पूर्णच जाणार. लाईट जाते-येते तिथे पार्शलचा पर्याय लावा म्हणजे अर्धी गेलेली फाईल फेकली जात नाही. पलीकडच्या जादा फाईली पुसणारा डिलीटचा पर्याय लावायच्या आधी ड्राय रन, म्हणजे काहीही न बदलणारी चाचणी, करून डोळ्यांनी यादी वाचा, कारण सोर्स फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ आहे की नाही यावर फोल्डर जातं की फक्त आतला माल जातो हे ठरतं, आणि डिलीटसोबत ही चूक झाली तर पलीकडच्या भलत्याच फाईली पुसल्या जातात.

आता ऑफिसही नॅटच्या मागे असेल तर? मग दोघांना दिसेल असं तिसरं मशीन मध्ये लागतं, भाड्याचा सगळ्यात छोटा क्लाऊड सर्व्हर पुरतो. पॅकहाऊस त्या मधल्या मशीनला एसएसएचने जोडून घेतं आणि डॅश कॅपिटल आर देऊन रिव्हर्स टनेल लावतं, म्हणजे मधल्या मशीनच्या लोकलहोस्टवर (त्या मशीनच्या आतूनच दिसणाऱ्या पत्त्यावर) समजा २२२२ पोर्टवर जो येईल तो पॅकहाऊसच्या २२ वर पोचतो. ऑफिस डॅश कॅपिटल जे देऊन, म्हणजे प्रॉक्सीजंपने, मधल्या मशीनवरून उडी मारून त्याच २२२२ वर जातं. पोस्टमनच्या हातात बंद लिफाफा असतो तसं मधल्या मशीनच्या हातात फक्त एन्क्रिप्टेड माल असतो, ते मशीन कोणी फोडलं तरी तुमच्या नोंदी त्याला वाचता येत नाहीत, अट एवढीच की पॅकहाऊसची होस्ट की, म्हणजे त्या सर्व्हरची ओळख पटवणारी की, तुम्ही पहिल्या वेळी नीट तपासलेली असावी. बरेच जण फाईली आधी मधल्या मशीनवर उतरवतात आणि तिथून पुढे पाठवतात, त्यात हे संरक्षण जातं, तसं करू नका. गेटवेपोर्ट्स बंदच राहू द्या, ते चालू केलं की २२२२ साऱ्या जगाला दिसतो. टनेल मध्येच मरू नये म्हणून सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ६० सेकंद ठेवा, कारण गप्प बसलेलं कनेक्शन नॅटवाले थोड्या वेळाने विसरून जातात, आणि तरी तुटलंच तर लिनक्सचा सर्व्हिस सांभाळणारा सिस्टमडी ते परत उभं करेल अशी सर्व्हिस बनवा.

ठिकाणं तीन-चार झाली तर सगळ्यांना एका खाजगी नेटवर्कात जोडणारं वायरगार्ड घ्या, ते लिनक्स कर्नलमध्ये मार्च २०२० च्या ५.६ पासून आहेच. दोनासाठी टनेल पुरे.

प्रश्न : ताई, मी कॉलेज रोडला राहतो, घरून दोन क्लायंटचे सर्व्हर सांभाळतो. ते एकमेकांना पोचत नाहीत पण माझा लॅपटॉप दोन्हीकडे पोचतो. आत्ता मी फाईल उतरवतो आणि परत चढवतो, डिस्क भरते. आरसिंकला दोन्ही रिमोट दिले तर नाही म्हणतं.

उत्तर : आरसिंक नाहीच म्हणणार, त्याला एक बाजू लोकल लागते. एससीपी, म्हणजे एसएसएचवरून फाईल कॉपी करणारी कमांड, मात्र दोन्ही बाजू रिमोट घेतं. ओपनएसएसएच ८.७ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून, डेटा आपोआप तुझ्या लॅपटॉपमधून वाहत जातो आणि डिस्कवर काही उतरत नाही. जुनी आवृत्ती असेल तर डॅश ३ द्यायचा. जुन्या पद्धतीत पहिला सर्व्हर थेट दुसऱ्याला गाठायचा आणि त्यासाठी दुसऱ्याची ओळख पहिल्याकडे लागायची, ते धोक्याचं होतं म्हणूनच हे बदललं. याच कारणाने एजंट फॉरवर्डिंगची, म्हणजे लॅपटॉपवरची की सर्व्हरवरून वापरू देण्याची, सवय लावून घेऊ नकोस रे, तू जोडलेला असताना त्या सर्व्हरचा रूट तुझ्या एजंटकडून तुझ्या नावाने सही करून घेऊ शकतो आणि तुला पत्ताही लागत नाही. वेग मात्र तुझ्या घरच्या अपलोडइतकाच मिळेल, तेवढं धरून चाल. फाईल पोचली की दोन्हीकडे एसएचए २५६, म्हणजे फाईलचा ठसा, काढून जुळवून बघ.

प्रश्न : सातपूरहून मुंबईच्या डेटा सेंटरला छोटी फाईल जाते, मोठी सुरू होते आणि तिथेच अडकते. एरर काहीच नाही.

उत्तर : बहुतेक एमटीयूचा, म्हणजे डेटाच्या पाकिटाच्या कमाल आकाराचा, घोळ आहे. पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड लागणाऱ्या ब्रॉडबँड लाईनवर पाकीट १४९२ बाइटपर्यंतच मावतं, नेहमीच्या इथरनेटसारखं १५०० नाही. मोठं पाकीट अडलं की राउटर आयसीएमपीने, म्हणजे नेटवर्कच्या निरोपांच्या भाषेत, निरोप पाठवतो, लहान करून पाठवा म्हणून, आणि कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर सगळंच आयसीएमपी बंद करून ठेवलेलं असतं, मग तो निरोप पोचतच नाही आणि पाठवणारा तेच मोठं पाकीट परत परत पाठवत बसतो. तुकडे न करण्याची अट घालून पिंग करा, १४७२ बाइटचं गेलं नाही पण १४६४ चं गेलं तर निदान पक्कं झालं (वरचे २८ बाइट हेडरचे). फायरवॉलवर एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे पाकीट आधीच लहान ठेवणारी सेटिंग, चालू करा आणि फ्रॅगमेंटेशन-नीडेड हा आयसीएमपी प्रकार सोडा.

प्रश्न : कनेक्ट करताना होस्ट की बदलली अशी मोठी वॉर्निंग येते. नोन-होस्ट्समधली ओळ पुसली की चालतं. पुसत जाऊ का?

उत्तर : नाही. सर्व्हर नव्याने इन्स्टॉल झाला असेल तर ही वॉर्निंग येणारच, पण मध्ये कोणी बसून तोच सर्व्हर असल्याचं सोंग करत असेल तरी हुबेहूब हीच येते, आणि नुसतं स्क्रीनकडे बघून यातलं कुठलं हे सांगता येत नाही. पलीकडच्या माणसाला फोन करा, त्याला सर्व्हरच्या कन्सोलवर बसून एसएसएच-कीजेनने फिंगरप्रिंट, म्हणजे होस्ट कीचा छोटा ठसा, वाचायला सांगा आणि तुमच्या स्क्रीनवरच्या अक्षरांशी एकेक जुळवा, सुरुवातीची चार अक्षरं जुळली म्हणून फोन ठेवू नका. जुळलं तर जुनी ओळ काढा. नाही जुळलं तर त्या दिवशी त्या रस्त्याने एकही फाईल पाठवू नका आणि पासवर्ड तर अजिबात टाइप करू नका.