वाचकांचे प्रश्न : नेमाची घाई आणि मनाची शांती

प्रश्न : मी ठाण्यात राहते व मुंबईत नोकरी करते. माहेरी वारकरी वातावरण असल्यामुळे रोज सकाळी हरिपाठ म्हणण्याचा माझा नेम आहे. तथापि गाडी गाठायची असल्याने तो भरभर उरकावा लागतो. सासूबाईंच्या हातांना कंप आहे. त्यांना चहा पिण्यास आणि गोळ्या घेण्यास वेळ लागला, की नुकताच हरिपाठ म्हटलेल्या माझ्याच तोंडून वेडेवाकडे शब्द निघतात. असा नेम चालू ठेवण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : ताई, नेम सोडू नका, मात्र तो पुरा करण्याची तुमची रीत बदला. हरिपाठ म्हणताना प्रत्येक चरणानंतर ‘हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी’ हे ध्रुपद येते. दिंडीत किंवा देवळात टाळावर हरिपाठ चालतो तेव्हा ते दर वेळी पूर्ण आळवले जाते, त्यामुळे एका अभंगाला बराच वेळ लागतो. घरी एकट्याने म्हणताना आपण पहिली गोष्ट कोणती गाळत असू, तर ते ध्रुपद. मोजदाद करू नका, असे सांगणारी ओळ वगळून आपण सर्व अभंग ‘झाले’ म्हणून मोजतो, हे मला फार खटकते. सकाळी दोनच अभंग ध्रुपदासह, श्वास पुरेल अशा लयीत म्हणावेत आणि उरलेले रात्री म्हणावेत. रात्री डोळा लागला तरी मनाला लावून घेऊ नये.

आता चिडचिडीविषयी. राग आवरणे म्हणजे संयम, अशी आपली समजूत असते, आणि म्हणून आपण दात-ओठ आवळून शांत राहू पाहतो. ते फार काळ टिकत नाही. ज्ञानेश्वर माउलींनी वेगळी वाट दाखवली आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानी माणसाची लक्षणे सांगताना ते अहिंसेपाशी पुष्कळ वेळ रेंगाळतात, आणि तेथे प्रथम वर्णन येते ते त्याच्या चालण्याचे. कमळातले केसर चुरगळतील या शंकेने भुंगा जसा हळुवार पाय ठेवतो, तसा तो पुरुष, पायाखाली इवलेसे जीव असतील हे जाणून, कारुण्यात पाऊल लपवून चालतो. त्याची सावकाशी कोणत्याही व्रताचा भाग नाही. पायाखाली कोण आहे याचे भान असल्यामुळे त्याला भरभर चालवतच नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर या ओव्यांत आहे. सासूबाईंचा हात कपापर्यंत पोहोचेतो आपले लक्ष घड्याळावर असेल, तर तो कंप आपल्या वाटेतला अडथळा ठरतो. लक्ष त्या हातावर असेल, तर हे माणूस किती कष्टाने एक घोट घेत आहे हे दिसते आणि आवाज आपोआप खाली येतो. कप अर्धाच भरावा, गोळ्या आदल्या रात्री डबीत काढून ठेवाव्यात. अशा साध्या सोयींनाही मी साधनेचाच भाग मानतो.

पंढरीच्या वाटेवरची एक रीत येथे आठवते. माउलींच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक दिंड्या चालतात. दिवसभराची चाल संपवून पालखी तळावर आली, की समाज आरतीसाठी सारे गोल उभे राहतात. चोपदार दंड उंचावतात आणि एवढा मोठा समुदाय एकाएकी निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तेथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात, आणि त्यानंतरच आरती होते. पाय दुखत असतात, भूक लागलेली असते, तरीही एका दिंडीचे म्हणणे ऐकले जाईपर्यंत बाकीचे थांबतात. थांबायचे ते कोणाचे तरी ऐकून घेण्यासाठी, आणि ज्याला दुखले आहे त्याने गप्प बसायचे नाही, या दोन्ही गोष्टी त्या रीतीत आहेत.

यातली दुसरी गोष्ट तुम्हालाही लागू आहे. तुमच्या पत्रात सकाळच्या चहापाण्यात आणि औषधांत यजमानांचा कोठे उल्लेखच नाही. आईची सकाळ मुलाने सांभाळली, तर सुनेचा हरिपाठ सुखाने होईल. हे त्यांच्याशी स्पष्ट बोला. सारा भार एकटीने वाहून, वर चिडले म्हणून स्वतःलाच दोष देणे, याला सहनशीलतेचे नाव देऊन देवाच्या पायाशी ठेवू नये.

प्रश्न : आषाढीला वडिलांना पंढरपुरास नेण्याचा विचार आहे, पण तासन्‌तास दर्शनरांगेत उभे राहणे त्यांना झेपणार नाही. मुखदर्शनावर समाधान मानले तर वारी अपुरी राहील का?

उत्तर : मुळीच नाही. पायी चालत आलेले असंख्य वारकरीसुद्धा चंद्रभागेचे स्नान व नगरप्रदक्षिणा करून, महाद्वारातील नामदेव पायरीवर माथा टेकवून आणि कळसाला हात जोडून परततात. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून संत नामदेवांनी ती जागा मागितली, अशी श्रद्धा आहे. समोरच चोखोबांची समाधी आहे. वडिलांना तेथे निवांत बसू द्यावे. पदस्पर्शदर्शनाचीच त्यांची ओढ असेल, तर आषाढी-कार्तिकीची गर्दी टाळून एरवीच्या दिवसांत, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी न्यावे आणि परतीची गाडी त्याच दिवशीची ठरवू नये.