शंका येतात म्हणजे माझा विश्वास खोटा आहे का?

अजिबात नाही. तारणाची, म्हणजे देवाने पापातून सोडवल्याची, खात्री स्वतःच्या फीलिंगवर टेकवली की ती वरखाली होणारच, आज प्रार्थनेत मन लागलं म्हणून तारण पक्कं आणि उद्या चिडचिड झाली की गेलं, असं थोडंच असतं. बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात 5:13 बघा, सार्वकालिक जीवन मिळालंय हे 'कळावं' म्हणून लिहितोय म्हणतो तो, 'वाटावं' म्हणून नाही. आणि मार्क 9:24 मधला तो बाप (मला फार जवळचा वाटतो), आजारी पोराला घेऊन आलेला, एका दमात विश्वास आहे म्हणतो आणि माझा अविश्वास घालवा असंही ओरडतो. येशूने त्याला हाकललं नाही, पोरगं बरं केलं. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीला तर पाद्री होऊन दहाएक वर्षं झाल्यावर, 24 मे 1738 ला ही खात्री मिळाली.